दादाची धाव
दादाचे बूट मला मोठे होतात. पुढे कापूस कोंबला, नाड्या करकचून आवळल्या आणि मी पडद्यासमोरच्या सिमेंटच्या लादीवर उभी राहिले. पडद्यावर दादा गच्चीवरून धावत होता. पाठमोरा, अंगात नायकाचा शर्ट. तो जसा धावेल तसं मी जागच्या जागी धावायचं आणि त्याने कठड्यावरून उडी घेतली की थांबायचं. हवेत कसली पावलं?

"ताई, तुम्ही पुढे गेलात," काचेमागून ध्वनिमुद्रक म्हणाला. दादा हवेत होता आणि मी धावतच राहिले होते.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

माझा धंदा हा असा. चित्रीकरणाच्या वेळी एवढा आरडाओरडा असतो, की त्यात पावलं कुठली ऐकू यायला? म्हणून पावलं, ठोसे, फुटलेल्या काचा, सगळं मी नंतर बंद खोलीत करते. कोबीचा गड्डा पिरगळला की खलनायकाचा हात मोडतो. दादा नायकाच्या जागी उड्या मारायचा. म्हणजे उडी त्याची, आवाज माझा आणि शिट्ट्या तिसऱ्यालाच. "हाडं माझी मोडतात आणि कौतुक हिच्या कोबीचं," असं तो वहिनीला सांगायचा. आम्ही दोघं भावंडं मिळून एक नायक होतो. पण हे कुणाला सांगावं तर लोक वेड्यात काढतील.

ही उडी त्याची शेवटची. दोर सुटला आणि समोरची गच्ची त्याने गाठलीच नाही. चित्रपटात मात्र तो हवेत असतानाच दृश्य तुटतं आणि पलीकडे नायक उतरतो, केसही न विस्कटता. दृश्य ठेवायला वहिनीनेच होकार दिला होता. दादाची मेहनत वाया जाऊ नये, एवढंच ती म्हणाली होती.

त्या दिवशी मी जीव ओतून धावले. जुन्या दुखापतीमुळे दादाचा उजवा पाय जरा जड पडायचा, तोही मी तसाच पाडला. आणि पुढच्या आठवड्यात ऐकते तर काय, संगीतकाराने त्यावर ढोल चढवलेले. धडाधड. दादाची पावलं पार गडप. माझं टाळकंच फिरलं. मी तडक दिग्दर्शकाकडे गेले.

"ढोल काढा. तेवढ्या धावेपुरते."

"ताई, ढोल काढले की लोकांना वाटतं हा आता मरणार. नुसत्या पावलांची भीती वाटते हो."

"वाटू दे. मेलाच ना तो."

दिग्दर्शकाने चष्मा काढला. तसा माणूस वाईट नव्हता. "वहिनींना दोन्ही ऐकवू," तो म्हणाला. "त्या म्हणतील तसं."

झालं काम, मी मनात म्हटलं. वहिनी कधी माझ्या शब्दाबाहेर गेली नव्हती.

दुपारी वहिनी आली. ऐसपैस खुर्चीत नुसती कडेला टेकून बसली आणि तिने माझं मनगट धरलं. आधी ढोलाविना लावलं. अंधारात फक्त पावलं. एक हलकं, एक जड.

"जिन्यावर त्यांचे पाय अगदी असेच वाजायचे," ती हळूच म्हणाली. माझा ऊर भरून आला.

मग कठडा आला आणि पावलं थांबली. वहिनीची बोटं माझ्या मनगटात रुतली. पडद्यावर नायक केव्हाच पलीकडे उतरला होता, पण तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती पडद्याच्या खाली बघत होती, तो पडला असेल तिथे.

मग ढोल लावून दाखवलं. तोच दादा, तीच धाव. माझ्या मेहनतीचा मागमूस नाही. पण ते ढोल असे काही वाजत होते, की हा माणूस पडेल अशी शंकाही कुणाला येऊ नये. दादाने झेप घेतली, दृश्य तुटलं, पलीकडे पाय टेकले. वहिनीचा हात सैल पडला.

"हेच राहू द्या," ती म्हणाली.

मला रागच आला. "अहो वहिनी, यात तो ऐकूच येत नाही."

"नाही येत," ती म्हणाली. "पण यात ते पोचतात, वन्सं."

दिग्दर्शक चष्मा पुसत बसला. वहिनी ध्वनिमुद्रकाकडे वळली.

"परत एकदा लावता का? आवाज जरा मोठा करा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली आणि त्याने ढोल वाढवले.