खातेदार स्वतः बोलताय का?

वडिलांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन फोन कंपन्यांची पत्रकं पसरून ती तासभर बसली होती. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात वीस वर्षं गेलेली, त्यामुळे जाहिरात दिसली की आधी तळाची बारीक अक्षरं वाचायची तिला खोडच जडली होती. पहिल्या कंपनीचा दर सहा महिन्यांनी दुप्पट होत होता. दुसरी इंटरनेट झकास देत होती, पण घरच्या फोनचा जुना नंबर ठेवायला तयार नव्हती. उरली तिसरी, म्हणजे गेली बावीस वर्षं घरात असलेलीच. त्या कंपनीनं कळवलं होतं की तांब्याच्या तारेवरचे फोन महिनाअखेर बंद होणार. फायबरची नवी जोडणी घ्या, नाहीतर नंबर जाईल.

नंबर जाऊन चालणार नव्हतं. मोबाइल कानाशी धरला की वडिलांचं श्रवणयंत्र शिट्टी मारायचं. या जाड, पिवळट पडलेल्या रिसीव्हरवर मात्र त्यांना स्वच्छ ऐकू यायचं, आणि सगळ्या गोतावळ्याला हाच नंबर पाठ होता. इंटरनेटही हवं होतं, कारण रविवारी धाकट्या भावाची पोरं पडद्यावर दिसायची. आणि छापखान्यानं तिचे तास निम्मे केल्यापासून या सगळ्याला महिन्याला नऊशेच्या वर एक पैसा परवडणार नव्हता. पत्रकाच्या कडेला तिनं तो आकडा लिहून दोनदा अधोरेखित केला होता.

“लाव बाई आज तरी त्यांना फोन,” वडील म्हणाले. “तुझी आई असती तर एव्हाना त्यांना घाम फोडला असता.”

आईची रीत ठरलेली होती. दर वर्षी दर वाढला की ती फोन लावायची, गोड आवाजात “मग मी सोडते हं तुमची कंपनी” म्हणायची, आणि गप्प बसून मटार सोलायला घ्यायची. समोरच्याला ती शांतता सोसायची नाही. दोन मिनिटांत दर खाली. अंथरुणाला खिळल्यावर तिनं ही कामगिरी लेकीकडे सोपवली. “मी म्हणूनच बोल. माझी जन्मतारीख पाठ कर. मुलगी आहे म्हणालीस तर दारातच उभी करतील तुला.” वर्षभर ती कंपनीपुरती आई झाली होती. आई जाऊन दोन महिने झाले तरी बिलं आईच्याच नावानं येत होती. कळवायचं राहत होतं. आज उद्या, आज उद्या.

तिनं नंबर फिरवला. वडिलांनी नेहमीसारखं कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं.

“नमस्कार. खातेदार स्वतः बोलताय का?” कंपनीतल्या मुलीचा आवाज सर्दीनं बसलेला होता.

“हो. मीच बोलतेय.”

जन्मतारीख झाली, पत्ता झाला. नव्या जोडणीचे महिन्याला साडेअकराशे, असं मुलीनं सांगितलं.

“मग मी सोडते तुमची कंपनी,” ती म्हणाली आणि गप्प बसली. हाताला काहीच काम नव्हतं. पेनाचं टोपण काढत आणि बसवत राहिली.

पलीकडे मुलगी हसली. “मॅडम, रागावू नका हं. तुमच्या खात्यावर आमच्यापैकी कुणीतरी टीप लिहून ठेवलीय. ‘सोडते म्हणतात, सोडत नाहीत. फार गोड बोलतात. सवलत द्यावी.’ तर आठशे वीस करते. जुना नंबर, इंटरनेट, सगळे कॉल. दोन वर्षं दर हलणार नाही. फक्त खातेदार म्हणून ‘मान्य आहे’ एवढं म्हणा, रेकॉर्ड होतंय.”

आठशे वीस. ठरवलं होतं त्याच्याही आत. दोन शब्द बोलायचा अवकाश. मग दोन वर्षं बिल आईच्याच नावानं येईल, वाढदिवसाला कंपनीच्या शुभेच्छा येतील, आणि दर खेपेला हे असंच.

तिनं वर पाहिलं. वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते, मूठ घट्ट मिटलेली. यंत्र शिट्टी मारतं म्हणून काढतात, असं ती वर्षभर समजत आली होती. पण शिट्टी मोबाइलवर वाजायची. या फोनवर ती कधीच वाजत नसे, आणि आत्ता तर रिसीव्हर तिच्या कानाला होता. म्हणजे यंत्र काढत होते ते तिचं ‘मीच बोलतेय’ ऐकू येऊ नये म्हणून.

“मॅडम? मान्य?”

“नाही. मी खातेदार नाही, त्यांची मुलगी आहे. आई वारली. दोन महिने झाले.”

परक्या माणसाला हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं होतं. घरोघरी भावानं कळवलं होतं.

पलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग मुलीनं कंपनीचं दुखवट्याचं छापील वाक्य वाचून दाखवलं, आणि त्यानंतर हळूच म्हणाली, “माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. टिपेत ‘फार गोड बोलतात’ असं लिहिलंय.”

तिला हसू आलं. नाकातून निघालं, पण हसूच.

सवलत आईच्या खात्याची होती, ती गेली. मृत्यूचा दाखला दिला तर नंबर वडिलांच्या नावे होणार होता. इंटरनेट आणि येणारे कॉल मिळून आठशे नव्वद. इथून फोन करायचे असतील तर वर एकशे दहा.

“ते नकोत. बाबा फोन करत नाहीत, आलेला घेतात.”

“मग काकांना द्या, होकार त्यांचाच लागेल.”

तिनं खूण केल्यावर वडिलांनी यंत्र कानात बसवलं. नाव, जन्मतारीख त्यांनी शाळेत उभं राहून सांगावी तशी मोठ्यानं सांगितली. मग सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे इथून मला लावता येणार नाही?”

तिनं पत्रकावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी तो पाहिला, रिसीव्हरवर हात धरला. “आजवर ती लावायची आणि माझ्या हातात द्यायची. आता कोण लावणार?”

“मी लावून देईन की, बाबा.”

“तू रोज असतेस का इथं?”

तिनं आकड्यावरचं बोट काढून घेतलं.

“सगळं घाला,” वडील फोनमध्ये म्हणाले. “मान्य आहे.” आणि तिला, “वरचे एकशे दहा मी बघतो. सकाळचं वर्तमानपत्र बंद.”

“वर्तमानपत्र बंद करायचं नाही. मी बघते काहीतरी.” काय बघणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

“पोरी, ही म्हणते जुना फोन महिनाअखेरपर्यंत चालूच आहे.” फोनवरच्या मुलीचे आभार मानून वडिलांनी फोन ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. “तुझ्या मावशीला सांगून टाकतो, नंबर हाच राहणार म्हणून. तिचा नंबर सांग. हळू सांग.”

तिनं एकेक आकडा सांगितला. चौथ्यावर त्यांचं बोट चुकलं. ते पहिल्यापासून लावायला लागले.