भिंतीत गेलेली जात्याची तळी

मी जात्याची खालची तळी बोलतेय. सध्या मुक्काम किल्ल्याच्या भिंतीत.

माझा काळा, भोकाभोकांचा दगड दूरच्या ऱ्हाइन नदीकाठचा. इंग्लंडात ट्रेंट नदीकाठी आले ती गुनवोरच्या लग्नात, वरच्या तळीसकट. तिची सासू थायरा म्हणाली, "लोकांच्या सुना दागिने आणतात. आमचीनं धोंडे आणले." गुनवोर बोलायची कमी, दळायची बारीक. तिचा नवरा टोकी जाता-येता खुंट्याला उगाच एक फेरा देऊन जाई आणि ती खाली मान घालून हसे.

आमचं गाव डेन लोकांचं, समुद्रापलीकडून येऊन इथं वसलेल्यांचं. त्या वसंतात इंग्रजांचा राजा फौजेसह पलीकडच्या काठावर उतरला. लढाई झालीच नाही. जाणत्यांनी जाऊन त्याला धनी म्हटलं, आणि घरोघर रोजच्यासारखी लापशी शिजली. मला वाटलं, एवढ्यावर भागलं.

मग राजाचा नवा किल्ला बांधायचा हुकूम आला. घरटी तीस दगड. कमी पडले तर घरचा पुरुष उत्तरेच्या किल्ल्याच्या कामावर, जिथं आमचीच माणसं अजून राजाशी लढत होती. आमच्या चिकणमातीत दगड कुठला? टोकीनं चुलीभोवतीचेसुद्धा उपसले. एकोणतीस भरले.

"ही न्या," गुनवोर माझ्याकडे बघून म्हणाली.

"आणि खायचं काय?" सासूनं विचारलं.

"अख्खे दाणे उकडू. हे घरी राहिले म्हणजे झालं."

"माझे दात मोजलेस का कधी?" म्हणत थायरानंच मला खालून हात लावला.

भिंतीत मला टोकीनंच बसवलं. इकडून ठोक, तिकडून ठोक. सांध्यात सुरी जाणार नाही असं. कुठलंही काम नीट करायची खोड होती त्याला.

मुकादम वुल्फरिक सांधा निरखत राहिला. "लेका, तू तर गवंडी निघालास. चल उत्तरेला."

"माझे तीस भरलेत, मालक."

"भरलेत की. मी कुठं नाही म्हणतोय?"

दोन हिवाळे झाले. उत्तरेनंही राजाला धनी म्हटलं, असं ऐकते. टोकी आला नाही. वरची तळी घरात नुसती पडून आहे. एकटीला दळता येत नाही.

गुनवोर अधूनमधून येते, सांध्यात नख घालून बघते, मी निघते का म्हणून.

नको गं खटपट करूस, बाई. तुझ्या नवऱ्यानं काम पक्कं केलंय.