ओसरीवरच्या दिव्याची गोष्ट

पडद्याच्या फटीतून व्हर्लीनने हॉलमध्ये डोकावून पाहिलं. विमा कंपनीची दोनेकशे माणसं दुपारचं जेवत होती. भाजलेलं डुक्कर, मक्याचा पाव, गोड गार चहा. तिसऱ्या टेबलावर एक बाई पावाला लोणी लावत होती. तिने मान वर केली आणि व्हर्लीन झटकन पडद्याआड सरली. डाव्या भुवईतून गेलेला तो व्रण तिने बावीस वर्षांपूर्वी पाहिला होता, कुकव्हिलजवळच्या हमरस्त्यावरच्या खानावळीत.

त्या दिवशी खानावळीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कॉफी ओतता ओतता ही वाढणारी बाई बोलत सुटली होती. भाऊ तेलाच्या विहिरींवर कामाला गेला तो आलाच नाही. आई ओसरीवरचा दिवा दिवसाही विझवू देत नाही. वीज कापली तेव्हा तिने कंदील टांगला. व्हर्लीनने ते सगळं कागदी रुमालावर टिपून घेतलं आणि नॅशव्हिलला परतून गाणं रचलं. एका मोठ्या गायकाने ते गायलं आणि व्हर्लीनचं नाव झालं.

एवढ्याने काही बिघडत नव्हतं. गाण्यांवर जगणाऱ्या या नॅशव्हिल गावात सगळेच ऐकलेल्यातून गाणी रचतात. पण इथे गाणं लिहिणारे तिघं-चौघं ओळीने स्टुलांवर बसतात आणि पाळी आली की आधी गाण्यामागची गोष्ट सांगतात, मग गातात. गोष्ट खरी हवी, एवढा एकच नियम. पहिल्याच बैठकीत व्हर्लीन चुकून ‘माझी आई’ म्हणाली आणि लोकांनी डोळे पुसले. तेव्हापासून ती आई तिचीच होऊन बसली. तिची खरी आई फ्लोरिडात मजेत पत्ते खेळत होती.

“डार्ला, मी आज दुसरं गाणं म्हणते,” ती कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईला म्हणाली.

“अगं, वेड लागलं का तुला? कंपनीच्या साहेबांनी तुला बोलावलंय तेच त्या गाण्यासाठी. दिव्याचं गाणं, गोष्टीसकट. मी लिहून दिलंय तसं.”

“घसा बसलाय माझा.”

“मघाशी माझ्यावर ओरडताना चांगला होता की!”

वीस वर्षं तिच्या शेजारच्या स्टुलावर बसत आलेला हॉइट गिटारचे सूर जुळवत हसला. “एवढी कापतेस कशाला गं? विम्याची माणसं आहेत. मेलीस तरी भरपाई देतील.”

व्हर्लीनला हसू आलं नाही. तिला खरी धास्ती हॉइटचीच होती. दोन वर्षांपूर्वी एकाने बैठकीत रचलेली गोष्ट खरी म्हणून सांगितली, तेव्हा हॉइट गिटार खाली ठेवून उठून गेला होता. त्यानंतर त्या माणसाच्या शेजारी कुणीच बसलं नाही.

ते मंचावर गेले. हॉइट पहिलं गाणं गायला. त्यातला एकही शब्द व्हर्लीनच्या कानात शिरला नाही. तिसऱ्या टेबलावरच्या बाईच्या छातीवर नावाची पट्टी होती. आर्डिथ.

टाळ्या थांबल्या. हॉइटने मानेने खूण केली.

“माझी आई...” व्हर्लीनने सुरुवात केली. आर्डिथने काटा खाली ठेवला, हात एकमेकांत गुंफले आणि हसून पुढे झुकली. ते हसू पाहून व्हर्लीनने वाक्य अर्धवटच सोडलं. हिला माहीत आहे. आता ही उठणार.

“माझ्या आईची गोष्ट नाही ही,” तिच्या तोंडून निघून गेलं. “खानावळीतल्या एका बाईची आहे. ती इथेच बसली आहे.”

आर्डिथचं हसू हळूहळू विरलं. ती उठली.

“ती बाई मीच का, बाईसाहेब? मला तर तुमचा चेहरासुद्धा आठवत नाही.”

“तुम्हीच. चोरली मी तुमची गोष्ट.”

“चोरलीत, त्याचं काही नाही हो.” आर्डिथने मान हलवली. “गाडीत हे गाणं लागलं की मी गाडी कडेला घ्यायचे. वाटायचं, आमच्या आईसारखी आणखी एक आहे कुठेतरी. तीही कंदील लावते. आज तुम्हाला तेच सांगायचं म्हणून पुढे बसले होते.” तिने खुर्चीची पाठ धरली. “म्हणजे आमची आई एकटीच होती तर.”

ती ओरडेल, अशी व्हर्लीनने मनाची तयारी केली होती. ह्याची केली नव्हती. तिने हॉइटकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. उठला मात्र नाही.

“गा आता,” आर्डिथ खाली बसत म्हणाली.

“शेवटचं कडवं गाळते मी,” व्हर्लीन कशीबशी बोलली. त्या कडव्यात मुलगा परत येतो. ते तिने पदरचं घातलं होतं.

“खबरदार!” आर्डिथ म्हणाली. “तेवढंच तर तुमचं आहे.”

व्हर्लीनने पहिली तार छेडली. शेवटचं कडवं यायला अजून तीन कडवी होती, आणि ते ती गाळणार नव्हती.