मंजीरा इंजिनचे हिस्से

चुडाव्याच्या नर्मदाबाईंना त्या वर्षी चैत्रात एक नवी खोड जडली. सकाळची पूजा आटोपली की त्या ओसरीवर येऊन स्टेशनाकडं कान लावून बसायच्या. हैदराबादहून भावाचा कागद आणणारी गाडी शिट्टी देऊन पुढं गेली की गड्याला पिटाळायच्या, "जा, तारबाबू किशनरावांना विचार. आज भाव काय?"

भाव मंजीरा इंजिन कंपनीच्या हिस्स्याचा, म्हणजे शेअरचा. विहिरीवर मोटेच्या जागी बसवायची, रॉकेलवर चालणारी इंजिनं ही कंपनी हैदराबादेत बनवायची. नर्मदाबाईंच्या यजमानांनी तिचे दोनशे हिस्से निजामाच्या दहा-दहा हाली रुपयांना घेतले होते आणि दोन वर्षांनी ते वारले. घेतले तेव्हा गाव हसलं होतं. आता भाव सत्तरवर गेला होता, आणि हसलेलेच लोक 'थोडे आमाला द्या' म्हणत दारात येत होते.

धाकटे दीर माणिकराव परभणीला कापसाची आडत चालवायचे. ते मुद्दाम गाडीनं आले.

"वैनी, नदीकडचं वीस एकर विकायला काढा. त्याचेबी हिस्से घेऊ. मी तर आडतीची जागा विकायलोय."

"सत्तर लय वाटायलेत, भाऊजी."

"वीस झाले तवा तुमी हेच म्हणलात. चाळीसला पुन्हा हेच. इंजिनं दरसाल दुपटीनं खपायलीत. जमाना कुठं चाललाय बघा तरी!"

ते खोटं नव्हतं. वीसला आणि चाळीसला त्या तसंच म्हणाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा चुकल्या होत्या. माणिकराव गेले, पण त्यांचं बोलणं बाईंच्या डोक्यातून जाईना. जेवताना घास हातातच राहायचा.

शेवटी त्यांनी दिवाळीत आलेला कंपनीचा रिपोर्ट पेटीतून काढला आणि स्टेशनावर गेल्या. रिपोर्ट उर्दूत. स्टेशनातले तारबाबू किशनराव तो वाचून मराठीत सांगू लागले. कंपनीचे एकूण हिस्से वीस हजार. गेल्या सालचा नफा चौदा हजार रुपये.

नर्मदाबाईंनी बोटांवर हिशेब केला. "वीस हजार हिस्से, सत्तरच्या भावानं चौदा लाखांचे झाले. म्हंजे आज घेणारा शंभर वर्षांचा नफा आधीच देऊन बसायलाय! शेत घेताना आपण पंधरा-वीस वर्षांचं उत्पन्न धरतो, तेबी विहीर बघून."

"पण शेत दरसाल दुप्पट पिकत नाही, बाई," किशनराव म्हणाले. "हा नफा अजून चार वर्षं दुप्पट होत गेला तर सव्वादोन लाखांच्या घरात जातो. मग चौदा लाख काही जास्त नाहीत. सत्तरचा भाव स्वस्तच म्हणायचा."

म्हणजे सगळं येऊन अडलं ते एका गोष्टीवर. दुप्पट होत राहणार का?

दुसऱ्या दिवशी बाईंनी बैलगाडी जुंपायला लावली. वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन त्या आठ दिवस आसपासची सात गावं फिरल्या. नवऱ्यामागं एकटी बाई विहिरी बघत फिरायलीय, म्हणून लोकांनी नावं ठेवली. त्यांनी लक्ष दिलं नाही. दोन सालांमागं या सात गावांत तीन इंजिनं होती, गेल्या साली सहा, औंदा बारा. दुपटीचा हिशेब इथंही बरोबर निघत होता. पण वैशाखात पाणी टिकणाऱ्या विहिरी निघाल्या अवघ्या एकोणतीस. पुढल्या साली चोवीस इंजिनं होतील, पण त्यापुढची अठ्ठेचाळीस बसणार कुठं?

एका मळ्यात दहाच्या सुमाराला इंजिन बंद दिसलं. बिरू धनगर तिथल्या हौदावर मेंढ्यांना पाणी पाजत होता.

"बिघडलंय का रे?"

"न्हाई मालकीणबाई, इंजिन झकास हाय. मोटेला अख्खा दिस लागायचा, ह्ये घंटाभरात उपसतंय. पर मंग तळ दिसायलाय. विहिरीलाच दम न्हाई. मालक दुसरं घ्यायचं म्हणत व्हते, आता नावबी काढत न्हाईत."

बाईंनी हे सगळं माणिकरावांना सांगितलं. ते म्हणाले, "सात गावं म्हंजे का मुलूख हाय? वऱ्हाड पडलंय, खानदेश पडलाय!"

वऱ्हाडातल्या विहिरी बाईंनी पाहिल्या नव्हत्या. तरी त्यांनी मन घट्ट करून दीडशे हिस्से बहात्तरला विकले आणि पन्नास ठेवले. माणिकरावांनी आडतीची जागा विकून पंचाऐंशीच्या भावानं आणखी घेतले.

आता तरी चैन पडेल असं बाईंना वाटलं होतं. पण भाव थांबेना. अठ्ठ्याऐंशी झाला, ब्याण्णव झाला. माणिकरावांची बायको कमलबाई नव्या पाटल्या घालून आली आणि म्हणाली, "आक्का, तुमी घाईच केली." बाई नुसत्या हसल्या. ती गेल्यावर त्यांनी एकाच खोलीत दहा येरझारा घातल्या. शेजारच्या मळ्यातलं इंजिन सुरू झालं की त्या दार लावून घ्यायला लागल्या.

श्रावणात भाव चौऱ्याण्णव झाला त्या दिवशी त्या स्वतः स्टेशनावर गेल्या. "किशनराव, दलालाला लिहा. तीस हिस्से घ्या म्हणावं."

किशनरावांनी टाक खाली ठेवला. "विहिरी तुम्हीच मोजून आलात ना?"

"मोजल्या. हिशेब बरोबर असंल. पर मला बसवंना झालंय. तुमी लिहा."

दिवाळीत नवा रिपोर्ट आला. खप वाढला होता, पण दुप्पट नव्हता, सव्वापट होता. नफा सतरा हजार. कंपनी बुडाली नाही, कारखाना चालू होता, इंजिनं पाणी उपसतच होती. भाव मात्र पंधरा दिवसांत पन्नासवर आला आणि महिन्यात सव्वीसवर.

माणिकराव दुसऱ्याच्या आडतीत बसायला लागले. चुडाव्याला यायचे ते बंद झाले. मग एक दिवस दुपारी कमलबाई एकटीच आली. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या.

"आक्का, तुमाला आधीच कळलं होतं," ती खाली मान घालून म्हणाली. "ह्यांना तुमच्यापुढं यायची लाज वाटायलीय. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत."

नर्मदाबाई उठल्या. पेटीतून एक कागद काढून त्यांनी तिच्यापुढं ठेवला.

"हे काय?"

"तीस हिस्से. चौऱ्याण्णवला घेतले. कळलं होतं, मोजून आले होते, तरीबी घेतले. कुणाला सांगितलं न्हाई. तू भाऊजींना सांग."

कमलबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट केला, त्यावरच्या मोहरेवर बोट फिरवलं. मग तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. बाईंनी तिला पाणी दिलं.

"मग आता सव्वीसला काय करायचं, आक्का? ठेवायचे का विकून टाकायचे?"

"सव्वीसलाबी तीस वर्षांचा नफा आधीच द्यावा लागायलाय. मला भाव अजून जादाच वाटायलाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "पर माझ्या एकटीच्या वाटण्यावर आता माझाच भरोसा न्हाई. भाऊजींना पाठव."

"येतील का, कुणास ठाऊक."

चौथ्या दिवशी माणिकराव आले. ओसरीच्या कडेला बसले. बाईंनी चहा पुढं केला. बराच वेळ दोघंही कापसाच्या पिकाबद्दलच बोलत राहिले.