बस्ता चालू आहे

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि खरं सांगू का, मी दमलोय. तीर्थपुरीच्या बाजारपेठेत जुगलकिशोर शेठजींचं कापडाचं दुकान आहे. तिथल्या काउंटरवर बिलं करणं हे माझं काम. माझा पंखा घरघर करतो, निम्म्या कळांवरची अक्षरं पुसली गेलीत आणि सकाळी जागा व्हायला मला चहाच्या दोन कपांएवढा वेळ लागतो. तेव्हा माझी कहाणी जरा सावकाश ऐका.

मी नवा आलो तेव्हा काय थाट होता माझा! शेठजींनी पडद्याच्या वर कुंकू लावलं, नारळ फोडला. ज्योत्स्नाताई काउंटरला लागल्या त्या तेव्हापासूनच. त्यांचा नवरा वारला तेव्हा पोरगी लहान होती. आज ती परतूरला कॉलेजात जाते, ती या दुकानाच्या पगारावर. ताई रोज सकाळी मला फडक्यानं पुसायच्या. लोक वाकून वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "काय झटपट बिल काढतं हो!" मी मनातून फुगून जायचो.

आमच्याकडं लग्नाचा बस्ता म्हणजे साधी खरेदी नव्हे बरं. जीप भरून माणसं येतात आणि सकाळीच गादीवर ठाण मांडतात. नवरीच्या शालूपासून चुलत्याच्या फेट्यापर्यंत सगळं एकाच दुकानात, एका बैठकीत. साड्यांचे ढीग पडतात, चहा होतो, कुणी रुसतं, कुणी समजूत घालतं. बिल मात्र एकच, संध्याकाळी, गठ्ठे बांधून झाल्यावर. कुणाच्या साडीला काय पडलं हे यजमानालाच ठाऊक असावं, बाकीच्यांना नको, म्हणून ही रीत.

मग शेठजींचा नातू अर्पित जालन्याहून आला. शेठजींचे गुडघे गेल्यापासून जालना, आष्टी आणि तीर्थपुरी, तिन्ही दुकानांचा कारभार तोच बघतो. त्यानं मला इंटरनेटला जोडलं आणि मोबाइल दाखवत म्हणाला, "दादाजी, ह्याला डॅशबोर्ड म्हणतात. इथं बिल झालं की तिथल्या तिथं मला दिसतं. विक्री झाली की हिरवं, न्हाई झाली की लाल."

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वास्थ्य नाही, मित्रांनो. पूर्वी संध्याकाळी एकदा हिशोब सांगितला की सुटलो. आता घडीघडीला वरून विचारणा, काय विकलं, काय विकलं? नव्या सुनेच्या मागं सासूही इतकी लागत नसेल. बस्ता बसलेला असला की मी आपला खरं ते सांगायचो, अजून काही नाही. तिकडं बोर्ड लाल. लगेच अर्पितचा फोन.

"ज्योत्स्नाताई, दुकान उघडलं ना?"

"उघडलं की भैय्या. बस्त्याला पाव्हणे आलेत, पाय ठेवायला जागा न्हाई."

"मंग लाल का दिसून राह्यलं?"

चार-दोनदा असं झालं आणि एके दिवशी अर्पित सरळ बोलला, "लग्नसराईत असंच राह्यलं तर तीर्थपुरीचं दुकान बंद. माल आष्टीला हलवू." दुकान बंद म्हणजे ताईंच्या पोरीचं कॉलेजही बंद. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात तातेरावांच्या लेकीचा, प्रियाचा बस्ता आला. फोनच्या धास्तीनं ताईंनी कधी केलं नव्हतं ते केलं. साडी पसंत पडली की लगेच तिचं बिल. मीही भराभर चिठ्ठ्या छापल्या आणि बोर्ड हिरवागार झाला. पण चिठ्ठ्या गेल्या ज्याच्या त्याच्या पिशवीत! नवरीच्या आत्याबाईंनी, गिरिजाबाईंनी, आपली चिठ्ठी वाचली, मग शेजारी बसलेल्या मावशीची वाचली आणि त्या ताडकन उठल्या.

"तात्या, बायकोची बहीण भारी अन् तुझी बहीण हलकी व्हय रे? मला न्हाई पाहिजे तुझं लुगडं!"

तातेरावांनी हात जोडले, प्रिया रडायला लागली. पण आत्याच उठल्यावर बस्ता कसला! गठ्ठे सुटले, जीप निघून गेली. केलेली सगळी बिलं ताईंनी रडत रडत रद्द केली. बोर्ड इतका लाल कधीच झाला नव्हता. अर्पित फोनवर एवढंच म्हणाला, "उद्या मी येतो. आवरायला घ्या."

शेठजी गादीवरून सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते काठी टेकत जीपमध्ये बसले आणि तातेरावांच्या घरी गेले. तिथं, मागाहून माझ्या कानावर आलं, ते गिरिजाबाईंना म्हणाले, "बाई, चूक दुकानाची हाय. रुसायचं तर माझ्यावर रुसा, पोरीचा बस्ता अर्धा ठिऊ नका." इतका मोठा माणूस दारात आल्यावर आत्याबाई विरघळल्या.

अर्पित आला तेव्हा तातेरावांची जीप परत आली होती आणि दुकान माणसांनी फुललं होतं. त्यानं सवयीनं मोबाइल पाहिला. लाल. मान वर केली तर समोर अख्खं गाव बसलेलं. पुन्हा मोबाइल पाहिला. तेवढ्यात गिरिजाबाईंनी त्याच्या हातात साडीचं टोक दिलं.

"आरं बाबा, मोबाइलात काय बघून राह्यला? हे धर, पदर कसा दिसतो ते सांग."

मग काय विचारता! दिवसभर तो पदर धरत होता, चहा वाटत होता. आत्या आणि मावशी, दोघींना एकाच काठाची साडी निघाली. संध्याकाळी ताईंनी एकच बिल केलं. कागद काउंटरवरून खाली लोंबेपर्यंत मी छापत राहिलो. माझा पंखा किंचाळत होता, पण मी थांबलो नाही.

मित्रांनो, मी कधी खोटं बोललो नव्हतो. बिल झालं नाही एवढंच मला वर कळवता येत होतं. गादीवर कोण बसलंय, ते बिलात येत नाही आणि ते मला कुणी विचारलंही नव्हतं.

दुकान चालू राहिलं. अर्पितनं माझ्यात एक नवी कळ घालून दिली. पाहुणे बसले की ताई ती दाबतात आणि जालन्यात लाल रंगाच्या जागी अक्षरं उमटतात, ‘बस्ता चालू आहे’. फोन अजूनही येतो. पण आता अर्पित विचारतो, "ताई, सगळ्यांना चहा दिला का?"

तुम्हीही घरी-दारी आमच्यासारख्यांना खुशाल विचारा, मित्रांनो, आम्ही सांगू. पण अधूनमधून स्वतः येऊन माणसांत बसत जा. आणि आलातच तर, चहा होईपर्यंत, माझ्या पंख्यावरची धूळ तेवढी पुसा. फार दिवस झाले हो, कुणी पुसली नाही.