दारातल्या तीन ओळी

"त्या तीन ओळी काढून टाका, मॅडम. आत्ताच्या आत्ता." साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते. "कक्ष पाहायला पाहुणे खाली आलेत आणि यादी उघडत नाही."

"नाहीच उघडणार," ती म्हणाली. "सातव्या पाळण्यातल्या बाळाचं वजन आकडा म्हणून आलेलं नाही."

इस्पितळाच्या संगणक खोलीत तिची अकरा वर्षं गेली होती. नवजात कक्षाची यादी तिच्याच प्रोग्राममधून निघे. सर्वांत हलकं बाळ सर्वांत वर. डॉक्टर तिथून सुरुवात करत. प्रोग्रामची भाषा मात्र कुणाला काही विचारत नसे. आकडा द्या, अक्षरं द्या, मुकाट्याने घेई. मागच्या वर्षी नवे वजनकाटे आले, वजनं अक्षरांच्या रूपात येऊ लागली, आणि नऊशे ऐंशी ग्रॅमचं बाळ बाराशेच्या खाली जाऊन बसलं. अक्षराशी अक्षर लावून पाहिलं तर नऊशेतला पहिला नऊ बाराशेतल्या पहिल्या एकापेक्षा मोठाच. सिस्टरच्या नजरेने ते हेरलं म्हणून निभावलं.

तेव्हा धास्तीने तिने प्रोग्राममध्ये चाळीस ठिकाणी तपासण्या घातल्या: आलेलं वजन आकडाच आहे ना, नसेल तर थांब. मग डोकं थंड झाल्यावर एकोणचाळीस काढल्या. घरात आलेल्याची दर खोलीत झडती कशाला? दारात एकदा नीट विचारलं की झालं. उरलेली ती एक तपासणी म्हणजे याच तीन ओळी.

"गुपचूप आकडा करून घ्या ना त्याचा," साहेब म्हणाले.

"बाळ हललं की काटा नुसती आडवी रेघ पाठवतो. तिचा कुठला आकडा करू?"

"शून्य धरा."

"शून्य वजनाचं बाळ?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "प्रोग्राम थांबला की माझी शोभा होते हो."

"थांबला म्हणून कळलं तरी. चुकीचा चालला असता, तर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या."

महिनाअखेर तिचा करार संपत होता. तो वाढवायची सही साहेबांची.

"मग नकार लेखी द्या," साहेब म्हणाले.

तिने कागद ओढला, दोन वाक्यं लिहिली, तारीख घातली आणि जिना चढून कक्षात गेली.

"काय गं, ओरडले का?" सिस्टरने विचारलं.

"लेखी मागितलं."

"मग?"

"दिलं. सहीसकट."

"बाई गं. आणि नोकरी?"

"सातव्याचं वजन कर परत. माझ्यासमोर."

सिस्टरने बाळ अलगद काट्यावर ठेवलं. ते निवांत होईपर्यंत दोघी श्वास रोखून थांबल्या. नऊशे चाळीस. तिने आकडा स्वतःच्या हाताने भरला. यादी उघडली, सातवा पाळणा सर्वांत वर.

साहेब पाहुण्यांना घेऊन दारात पोचले तेव्हा डॉक्टर हात धूत होते. यादीवर नजर टाकून ते सरळ सातव्या पाळण्याकडे निघाले. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्यांना वाट करून दिली.