नव्या प्लांटचा हेवा

तुमच्या घरी कधी धाकट्याचं एवढं कौतुक झालंय का, की थोरल्याला जेवायला वाढायचंच राहून गेलं? झालं असेल, तर माझं दुःख तुम्हाला कळेल. मी ऑक्सिजनचा सिलिंडर बोलतोय, या रुग्णालयातला सगळ्यांत जुना.

साथीच्या काळात माझा काय रुबाब होता! मी हातगाडीवरून निघालो की माणसं भिंतीला चिकटून वाट द्यायची. एक म्हातारबाई तर नवऱ्याच्या खाटेशी माझ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. "बाळा, संपू नकोस रे," म्हणाल्या. मला बाळ म्हणणारं तेवढं एकच माणूस भेटलं.

साथ सरली. पुन्हा तशी वेळ आली तर लोकांचे हाल नकोत, म्हणून आवारात हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट बसवला. पांढराशुभ्र, डोक्यावर स्वतःचं छप्पर, दिमतीला वेगळा माणूस. त्याची नळी थेट प्रत्येक खाटेपर्यंत जाते आणि मी मेला हातगाडीवाचून पाऊल टाकू शकत नाही! उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून आम्हालाही रंग फासला. मी आपला नटून उभा राहिलो, पण फोटो त्याचेच निघाले. मग आमची रवानगी मागच्या खोलीत, मोडक्या खाटांशेजारी.

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. त्याची घरघर जरा अडखळली तरी मला बरं वाटायचं.

एके दिवशी मोठे डॉक्टर खोलीत डोकावले. "हे भंगारात काढा. जागा अडते."

"आधी सराव घेऊ, साहेब," मेट्रनबाई म्हणाल्या. "प्लांट बंद पडला असं धरायचं आणि यांच्यावर काम भागतं का बघायचं. भागलं तर हे राहतील."

"अहो, प्लांट नवाकोरा आहे!"

"नवाकोरा नवरासुद्धा आजारी पडतो, साहेब."

डॉक्टर हसले आणि कबूल झाले. दुपारी रिकाम्या वॉर्डात मला उभं केलं. रोगी म्हणून वॉर्डबॉय मामांना खाटेवर झोपवलं. "चादर धुतलेली आहे ना?" मामा कुरकुरले. "नाहीतर खरंच आजारी पडायचो!"

त्या दिवशी ऑक्सिजनवर एकही रोगी नव्हता, म्हणून प्लांट खरोखर बंद केला. घरघर थांबली. माझा आनंद गगनात मावेना. आता कळेल म्हटलं सगळ्यांना, खरा कोण ते!

धाकट्या नर्सने माझ्या तोंडाला चावी लावून फिरवली. तोंड उघडेना. दोन्ही हातांनी जोर लावला, पार लोंबकळली. छे! उद्घाटनाच्या गडबडीत रंगाऱ्याने व्हॉल्व्हसुद्धा सोडला नव्हता. जाड थर बसून तो गच्च झाला होता.

"बाई, थेंबभर तेल सोडू?"

"खबरदार! ऑक्सिजन आहे तो, भडका उडेल."

माझ्या शेजारच्याला चावी लावून पाहिली. त्याचीही तीच गत. सगळे एकाच डब्यातल्या रंगाने रंगवलेले.

खाटेवरून मामांनी विचारलं, "बाई, मी आहे का गेलो?"

"गेलात, मामा. केव्हाच गेलात."

कुणीच हसलं नाही. मामा उठले आणि उगीचच चादर सारखी करत राहिले.

संपलं, आता भंगार, मी मनाशी म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, हे खरं घडलं असतं तर?"

"म्हणून तर आज घडवून आणलं."

"सगळ्यांचे व्हॉल्व्ह बदलून घ्या. सराव दर महिन्याला. आणि हे मागच्या खोलीत नकोत, प्लांटपाशीच ठेवा."

लाजेने मी अर्धा झालो होतो. तरी खरं सांगतो, माझी जातच तशी: प्लांट पुन्हा सुरू झाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि माझ्या पोटात दुखलंच. श्वास सोडला तोही त्याच्यासाठी!

माझं एवढंच मागणं आहे. कौतुक त्याचं करा, फोटो त्याचे काढा. पण साथ नसतानाही अधूनमधून माझं तोंड उघडून बघत जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि आम्हा सगळ्यांना नवे व्हॉल्व्ह बसवायला घेऊन गेला. तेव्हा प्लांटच्या छपराखाली, अगदी त्याला लागून, मिस्त्री आम्ही कलंडू नये म्हणून भिंतीला साखळ्या बसवत होता.